उत्तरपत्रिका परत का यावी?



आयोजकांनी मला जो विषय कळवला तो असा: विद्यार्थ्यांचं मूल्यमापन, आणि विद्यार्थी व शिक्षक दोघांसाठी त्याचं महत्त्व. विषय ऐकला की बी.एड.ची प्रश्नपत्रिका आठवते. पाच मुद्दे लिहा, प्रत्येकी दोन गुण. ते पाच मुद्दे मी आज सांगणार नाही, ते कुठल्याही गाइडात मिळतात. मी आयुष्यभर तत्त्वज्ञान शिकवलं, पण आज थोडा इतिहास सांगणार आहे. कारण मूल्यमापन का हवं या प्रश्नाचं उत्तर आपण मुंबईकरांनी दीडशेहून जास्त वर्षं वेगवेगळ्या प्रकारे देऊन पाहिलं आहे, आणि त्या प्रवासात एक वस्तू आपल्या हातून सुटली आहे. ती वस्तू म्हणजे तपासलेली उत्तरपत्रिका. मुलगा पेपर लिहितो, पेपर जातो, मार्क येतात. पेपर परत येत नाही. ही गोष्ट आपल्याला इतकी सवयीची झाली आहे की त्यात काही चुकतंय असं वाटेनासं झालं आहे.

आधी शब्दाकडे पाहू. 'मूल्यमापन' या शब्दात दोन शब्द आहेत, मूल्य आणि मापन. मापन म्हणजे मोजणं. कापड मोजतात, धान्य मोजतात. मूल्य जाणणं हे काम वेगळं आहे. सोनार दागिना तराजूत टाकतो ते मापन. कसोटीच्या दगडावर घासून बघतो आणि म्हणतो, 'आजी, घडण चांगली आहे, पण इथे डाग जास्त बसलाय', ते मूल्य जाणणं. पहिल्या कामाचं उत्तर आकड्यात येतं, दुसऱ्याचं वाक्यात. मूल्यमापन पुरं व्हायचं तर दोन्ही लागतं, आणि ते वाक्य ज्याचा दागिना आहे त्याच्यापर्यंत पोचावं लागतं.

आपल्या परंपरेत याची एक फार जुनी गोष्ट आहे. छांदोग्य उपनिषदात श्वेतकेतू बारा वर्षं गुरूकडे राहून चोविसाव्या वर्षी घरी येतो. सगळं शिकून आलोय अशी ऐट आहे. वडील, उद्दालक आरुणी, त्याला एकच प्रश्न विचारतात. ज्याने न ऐकलेलं ऐकल्यासारखं होतं, न जाणलेलं जाणल्यासारखं होतं, ते तू विचारलंस का? मुलगा गडबडतो. आणि मग तो जे म्हणतो ते मला फार महत्त्वाचं वाटतं. तो म्हणतो, माझ्या गुरूंनाच हे माहीत नसावं, असतं तर त्यांनी मला का सांगितलं नसतं? म्हणजे बघा, एका प्रश्नाने दोन गोष्टी उघड झाल्या. मुलाला काय येत नाही ते कळलं, आणि शिकवण्यात काय राहून गेलं तेही कळलं. आणि त्याहून मोठी गोष्ट अशी की वडिलांनी तिथे निकाल लावून विषय संपवला नाही. तिथून शिकवायला सुरुवात केली. त्या अध्यायातलं सगळं तत्त्वज्ञान या परीक्षेच्या नंतर येतं.

आता उपनिषदातून एकदम एकोणिसाव्या शतकातल्या महाराष्ट्रात येऊ. इंग्रजी शाळा येण्याआधी आपल्याकडे पंतोजींच्या शाळा होत्या. धूळपाटीवर अक्षरं गिरवायची, मोडी लिहायची, पाढे म्हणायचे. पावकी, निमकी, पाऊणकी, सवायकी, दिडकी. संध्याकाळी परवचा. तुमच्यापैकी माझ्या वयाच्या लोकांनी आजोबांसमोर बसून परवचा म्हटला असेल. तो काय होता? तेही मूल्यमापनच. रोजचं, तोंडी, आणि चूक झाली की तिथल्या तिथे दुरुस्ती. 'तेरा साते?' 'ब्याऐंशी.' 'पुन्हा म्हण.' वार्षिक निकालाची गरजच नव्हती, कारण पंतोजीला रोज कळत होतं कोण कुठे अडलाय.

पण मी त्या शाळेची आरती करणार नाही. छडी होती, पाठांतर होतं. आणि मुख्य म्हणजे त्या शाळेत कोण बसायचं हे जन्माने ठरत होतं. बहुजनांची फारच थोडी मुलं, अस्पृश्य मानलेल्यांची नाहीतच, मुली नाहीतच. ज्याला आत घेतलंच नाही त्याचं मूल्यमापन कोण करणार? हे लक्षात ठेवा, कारण पुढे परीक्षेची जी बाजू मला मांडायची आहे ती याच्याशी जोडलेली आहे.

१८४८ साली जोतीराव आणि सावित्रीबाई फुल्यांनी पुण्यात मुलींची शाळा काढली. त्यानंतरच्या काही वर्षांत, १८५२ मध्ये, त्यांच्या शाळेतल्या मुलींची जाहीर परीक्षा झाली. जाहीर म्हणजे लोकांसमोर. पाहुणे प्रश्न विचारणार, मुली उत्तरं देणार. आजच्या दृष्टीने लहान मुलींना असं सगळ्यांसमोर उभं करणं कुणाला पटणार नाही. पण तेव्हाची परिस्थिती आठवा. मुलीला शिकता येतं, हीच गोष्ट लोकांना मान्य नव्हती. तिथे मुलीने वाचून दाखवलं, हिशेब करून दाखवला, की वाद संपत होता. निदान वाद घालणाऱ्याची पंचाईत होत होती. परीक्षेचं हे एक मोठं काम आहे. ज्यांच्याबद्दल समाजाने आधीच निकाल लावून ठेवलेला असतो, त्यांना तो निकाल खोडून काढायची जागा परीक्षा देते. आणि त्या परीक्षेत शिक्षिकेचीही परीक्षा होती. सावित्रीबाईंच्या शिकवण्याचं माप त्या मुलींच्या उत्तरांत होतं.

यानंतर पाचच वर्षांनी, १८ जुलै १८५७ रोजी, मुंबई विद्यापीठाचा कायदा झाला. १८५४ च्या वुडच्या खलित्यात कलकत्ता, मुंबई, मद्रास इथे विद्यापीठं काढण्याची सूचना होती आणि नमुना होता लंडन विद्यापीठाचा. तेव्हाचं लंडन विद्यापीठ शिकवत नसे. कॉलेजं शिकवणार, विद्यापीठ परीक्षा घेणार आणि पदवी देणार. मुंबईने तीच घडण घेतली. म्हणजे आपल्या विद्यापीठाचा जन्मच परीक्षा घेणारी संस्था म्हणून झाला. वर्ग, फळा, ग्रंथालय हे सगळं नंतर आलं. आधी आली प्रश्नपत्रिका. हा आपल्याकडच्या उच्च शिक्षणाचा पाया आहे, आणि पाया जसा असतो तशी वरची भिंत उभी राहते.

१८५९ साली पहिली मॅट्रिक परीक्षा झाली. १८६२ साली पहिले बी.ए. बाहेर पडले. किती? चार. महादेव गोविंद रानडे, रामकृष्ण गोपाळ भांडारकर, बाळ मंगेश वागळे आणि वामन आबाजी मोडक. चार विद्यार्थी म्हटल्यावर शिकवणारे आणि तपासणारे यांच्यात कागदावर कितीही अंतर ठेवलं तरी प्रत्यक्षात ते फार नव्हतं. एल्फिन्स्टन कॉलेजचे प्राचार्य सर अलेक्झांडर ग्रँट यांच्याबद्दल एक गोष्ट रानड्यांच्या चरित्रांतून सांगितली जाते. रानड्यांची इतिहासाची उत्तरपत्रिका त्यांना इतकी आवडली की ती त्यांनी एडिंबरोला, तिथल्या विद्वानांना दाखवायला पाठवली. आपण ही गोष्ट रानड्यांच्या बुद्धीचं कौतुक म्हणून ऐकतो. मी तिच्याकडे वेगळ्या बाजूने बघतो. ग्रँट यांनी ती उत्तरपत्रिका वाचली. एका माणसाचा विचार म्हणून वाचली, आणि तिच्यावरून त्यांना कळलं की इथे, या मुलांना शिकवून काय होऊ शकतं. शिक्षकाला आपल्या कामाचा अर्थ विद्यार्थ्याच्या उत्तरातून कळतो. दुसरीकडून कळत नाही.

हेच रानडे पुढे काय म्हणाले तेही ऐका. अभ्यासाच्या ताणाने त्यांच्या डोळ्यांना त्रास झाला होता, हे प्रसिद्ध आहे. १८९० च्या दशकात त्यांनी पदवीधरांच्या अकाली मृत्यूचा प्रश्न जाहीरपणे मांडला. इतके तरुण पदवीधर लवकर का जातात? आणि कारणांचा विचार करताना परीक्षांच्या ओझ्याकडे बोट दाखवलं. म्हणजे या परीक्षापद्धतीने घडवलेला पहिला, सगळ्यात यशस्वी माणूस तीस वर्षांनी त्याच पद्धतीला प्रश्न विचारतो. परीक्षेने निवड होते हे खरं, पण त्या निवडीची किंमत कोण मोजतं, हा तो प्रश्न होता.

शाळांमध्ये याच सुमारास आणखी एक प्रयोग झाला. इंग्लंडमध्ये १८६२ साली रॉबर्ट लो यांच्या काळात एक नियम आला. शाळेला अनुदान द्यायचं ते मुलांच्या निकालावर. इन्स्पेक्टर येणार, मुलांना वाचायला, लिहायला, गणितं करायला लावणार आणि जितकी मुलं पास तितके पैसे. मुंबई इलाख्यातही १८६० च्या दशकात अनुदानासाठी हे तत्त्व आलं. वरवर किती न्याय्य वाटतं! शिकवलं तर पैसे. पण मास्तरांनी काय केलं असेल, सांगा. जे इन्स्पेक्टर विचारणार तेवढंच घोकून घेतलं. जुन्या पिढीच्या आठवणींत 'दिपोटी' येणार म्हटल्यावर शाळेत जी धांदल उडायची तिची वर्णनं तुम्ही वाचली असतील. भिंती सारवल्या जायच्या, हुशार मुलं पुढच्या ओळीत, कच्च्या मुलांना त्या दिवशी घरीच राहायला सांगायचं. इंग्लंडने एकोणिसावं शतक संपता संपता ती पद्धत सोडली. धडा सरळ आहे. विद्यार्थ्याचे मार्क हे शिक्षकाला आरसा म्हणून फार उपयोगी आहेत. तेच मार्क त्याच्या पगाराचं बिल झाले की तो आरशात बघत नाही, आरसा रंगवायला घेतो.

आता परीक्षेच्या बाजूने बोलतो, कारण ती बाजू हल्ली कुणी नीट मांडत नाही.

१९०७ साली एल्फिन्स्टन हायस्कूलमधून भीमराव रामजी आंबेडकर मॅट्रिक झाले. गुण होते ७५० पैकी २८२. आजच्या हिशेबाने अडतीस टक्केसुद्धा नाहीत. परळच्या चाळीत, एका खोलीत, रात्री जागून केलेला अभ्यास. पण त्यांचा सत्कार झाला, आणि त्या वेळी कृष्णराव अर्जुन केळुसकरांनी त्यांना स्वतः लिहिलेलं बुद्धचरित्र भेट दिलं. हे मी भावनेसाठी सांगत नाही. ज्या शाळेत मुलाला बाजूला बसवत होते, पाण्याच्या भांड्याला हात लावू देत नव्हते, त्याच व्यवस्थेत एक जागा अशी होती जिथे कागद बोलणार होता. मुलाचा हात शिवून घेत नव्हते, पण मुलाने लिहिलेला कागद तपासावा लागत होता. शिकवणारा आणि तपासणारा वेगळा, पुढे उत्तरपत्रिकेवर नाव जाऊन क्रमांक आला, या सगळ्याचा हा फायदा आहे. क्रमांकाला आडनाव नसतं.

कॉर्नेलिया सोराबजींचं उदाहरण घ्या. मुंबई विद्यापीठाने १८८० च्या दशकात स्त्रियांना परीक्षांची दारं उघडली. कॉर्नेलिया डेक्कन कॉलेजात शिकल्या, उत्तम गुण मिळवून मुंबई विद्यापीठाच्या पहिल्या महिला पदवीधर झाल्या. त्या गुणांवर पुरुषाला इंग्लंडला जायची सरकारी शिष्यवृत्ती मिळाली असती. त्यांना मिळाली नाही, कारण त्या स्त्री होत्या. इंग्लंडमधल्या हितचिंतकांनी पैसे उभे केले म्हणून त्या ऑक्सफर्डला गेल्या. परीक्षेने न्याय केला होता. जिथे माणसं नाव बघून ठरवत होती तिथे न्याय थांबला.

म्हणून, 'परीक्षाच बंद करा, शिक्षकांना ठरवू द्या' असं कुणी म्हणालं की मी विचारतो, कोणत्या शिक्षकाला? ओळख, आडनाव, भाषा, पालकांची गाडी, हे सगळं न बघणारा? असे शिक्षक असतात, खूप असतात. पण पद्धत ही चांगल्या माणसांच्या भरवशावर ठेवता येत नाही. अनामिक परीक्षा ही आपल्यासारख्या जातीच्या समाजात मोठी गोष्ट आहे. तिची किंमत कमी लेखू नका.

पण त्या अनामिकतेची भरपाई आपण एका चुकीच्या खिशातून केली. तपासणाऱ्याला विद्यार्थी कोण हे कळू नये, इथपर्यंत बरोबर. त्यावरून आपण असं धरून चाललो की विद्यार्थ्यालाही तपासणाऱ्याने काय पाहिलं हे कळायला नको, आणि वर्गात शिकवणाऱ्याला तर त्यातलं काहीच कळायला नको. या पुढच्या दोन गोष्टी पहिलीतून निघत नाहीत. तर्कशास्त्राच्या वर्गात मी याला निष्कर्षाची उडी म्हणायचो.

ही तक्रार काही माझी नवी नाही. १९०२ साली कर्झनच्या विद्यापीठ आयोगाने म्हटलं की भारतात अध्यापन परीक्षेच्या ताब्यात गेलं आहे, आणि हे सगळ्यात मोठं दुखणं आहे. १९२४ साली मुंबई विद्यापीठाच्या सुधारणेसाठी समिती नेमली गेली, तिला डॉ. आंबेडकरांनी लेखी उत्तरं दिली. तेच आंबेडकर, २८२ गुणांचे. विद्यापीठाच्या शिक्षणाने विद्यार्थ्याचं डोकं माहितीने भरण्यापेक्षा त्याचा स्वतःचा विचार जागा करावा, त्याला चिकित्सक अभ्यासाची सवय लावावी, असं त्यांनी मांडलं. स्वातंत्र्यानंतर राधाकृष्णन आयोगाने तर सांगितलं की उच्च शिक्षणात एकच सुधारणा सुचवायची झाली तर ती परीक्षांची असेल. १९०२, १९२४, १९४९. प्रत्येक पिढी एकच गोष्ट सांगते आणि पुढची पिढी तोच पेपर सोडवायला बसते.

मग उत्तरपत्रिकेचा प्रश्न न्यायालयात गेला, आणि तो आपल्याच राज्यातून गेला. १९८० च्या सुमारास बोर्डाच्या परीक्षेत अपेक्षेपेक्षा कमी गुण मिळालेल्या काही विद्यार्थ्यांनी मुंबई उच्च न्यायालयात दाद मागितली. आमची उत्तरपत्रिका आम्हाला दाखवा, पुन्हा तपासून द्या. नियमांत तशी सोय नव्हती, गुणांची बेरीज बरोबर आहे की नाही एवढंच बघून मिळायचं. उच्च न्यायालयाने विद्यार्थ्यांच्या बाजूने निकाल दिला. महाराष्ट्र राज्य बोर्ड सर्वोच्च न्यायालयात गेलं, आणि १९८४ साली सर्वोच्च न्यायालयाने बोर्डाचं म्हणणं मान्य केलं. लाखो मुलं परीक्षेला बसतात, प्रत्येकाला उत्तरपत्रिका दाखवायला गेलं तर निकाल कधी अंतिमच होणार नाही, असा त्यातला मुख्य विचार होता. व्यवस्थेच्या बाजूने बघितलं तर तो विचार चुकीचा म्हणता येणार नाही.

पुढे माहितीचा अधिकार आला. ९ ऑगस्ट २०११ रोजी सर्वोच्च न्यायालयाने सी.बी.एस.ई.च्या एका प्रकरणात सांगितलं की तपासलेली उत्तरपत्रिका ही माहिती आहे आणि ती बघण्याचा विद्यार्थ्याला अधिकार आहे. आणि परीक्षकाचं नाव मात्र उघड करायचं नाही, हेही स्पष्ट केलं. बघा, मघाशी मी जी तर्काची गाठ सांगितली ती न्यायालयाने किती नेमकी सोडवली. अनामिकता राहिली आणि कागदही परत आला.

आता बोर्डाकडे, विद्यापीठाकडे फी भरून फोटोकॉपी मिळते. पण ती कोण मागतं? ज्याला मार्क कमी पडले तो. रिव्हॅल्युएशनला टाकायचं की नाही हे ठरवण्यासाठी. म्हणजे उत्तरपत्रिका परत आली ती पुरावा म्हणून. मी कुठे अडलो, माझा युक्तिवाद कुठे सैल पडला, हे शिकण्यासाठी ती मागणारा विद्यार्थी मला नोकरीच्या सगळ्या वर्षांत क्वचितच भेटला. त्याचा दोष मी मुलांना देत नाही. त्या कागदावर शिकण्यासारखं काही लिहिलेलंच नसतं. मी स्वतः वर्षानुवर्षं कॅप सेंटरला पेपर तपासले. गठ्ठा घ्यायचा, दिवसाला तीस-चाळीस पेपर, डाव्या समासात गुण, पहिल्या पानावर बेरीज, मॉडरेटरकडे नमुने. शेरा लिहायचा नाही, आणि लिहून वाचणार तरी कोण? विद्यार्थ्याने देकार्तच्या संशयपद्धतीवर चार पानं लिहिली आहेत, तिसऱ्या पानावर त्याने एक फार सुंदर शंका काढली आहे, आणि मी तिथे लिहितो 'साडेसहा'. त्या शंकेचं काय झालं?

शाळेच्या पातळीवर एक चांगला प्रयत्न झाला होता. शिक्षण हक्क कायदा १ एप्रिल २०१० पासून लागू झाला. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये महाराष्ट्र शासनाने पहिली ते आठवीसाठी सातत्यपूर्ण सर्वंकष मूल्यमापनाचा निर्णय काढला. आकारिक मूल्यमापन म्हणजे शिकताना होणारं, संकलित म्हणजे सत्राच्या शेवटी होणारं. शिक्षकाने प्रत्येक मुलाबद्दल वर्णनात्मक नोंदी ठेवायच्या. कल्पना म्हणून ही त्या परवच्याच्या आणि श्वेतकेतूच्या गोष्टीच्या फार जवळची होती. मूल कुठे आहे ते रोज बघा आणि तिथून पुढे न्या.

प्रत्यक्षात काय झालं ते शिक्षक मंडळींना मी सांगायला नको. एका वर्गात साठ मुलं, त्यात जनगणना, निवडणूक, खिचडीचा हिशेब. नोंदी करायला वेळ कुठला? मग तयार नोंदींच्या याद्या फिरू लागल्या. 'स्वतःचे मत ठामपणे मांडतो.' 'इतरांना मदत करतो.' 'वर्गात लक्ष देत नाही, प्रगती आवश्यक.' यादीतून उतरवून काढायच्या. दिपोटीच्या वेळी मुलं घोकत होती, आता शिक्षक घोकू लागले. आणि पालकांचा समज झाला की परीक्षाच बंद झाली, कारण ढकलगाडी दिसत होती आणि नोंदी दिसत नव्हत्या. शेवटी केंद्राने २०१९ साली कायदा बदलला आणि आपल्या राज्यातही पाचवी-आठवीला वार्षिक परीक्षा परत आली.

कॉलेजात तसंच झालं. मुंबई विद्यापीठात क्रेडिट पद्धत आली, साठ गुण बाहेरचे, चाळीस कॉलेजचे. मग पंचाहत्तर-पंचवीस झालं, मग बऱ्याच अभ्यासक्रमांत पुन्हा शंभर. अंतर्गत गुण खिरापतीसारखे वाटले जातात अशी तक्रार होती, आणि ती खोटी नव्हती. मात्र उपाय काय निघाला? शिक्षकावर विश्वास नाही ना, मग त्याच्या हातातून काढून घ्या. त्या चाळीस गुणांच्या मागे लिहिलेले निबंध परत द्या, मुलांना वाचू द्या, कुणी विचारलं तर शिक्षकाने कारण सांगावं, हा उपाय कुणाला सुचला नाही. खिरापत अंधारातच वाटता येते, उजेडात अवघड जाते.

आणि मग २०१७. तुमच्यातल्या अनेकांच्या घरात त्या वर्षीचा पदवीधर असेल. अंधेरी, बोरिवली, मुलुंड, घाटकोपर, प्रत्येक उपनगरातल्या कॉलेजात तेव्हा संगणकावर पेपर तपासायचं काम चाललं होतं. सतरा लाखांच्या आसपास उत्तरपत्रिका स्कॅन करून पडद्यावर तपासायचं विद्यापीठाने परीक्षेच्या तोंडावर ठरवलं. निकाल रखडले. ३१ जुलैची मुदत गेली, ऑगस्ट गेला. कलिन्यातल्या परीक्षा भवनासमोर मुलं रोज येत होती. परदेशात प्रवेश मिळालेल्यांची, नोकरीचं पत्र हातात असलेल्यांची काय अवस्था झाली ते आठवा. काही उत्तरपत्रिका सापडेनात. ऑक्टोबरमध्ये कुलपतींनी कुलगुरूंना पदावरून दूर केलं. आणि ज्या जुलैत हा गोंधळ टोकाला गेला होता त्याच जुलैत विद्यापीठाला एकशे साठ वर्षं पूर्ण झाली.

तेव्हा सगळ्यांनी तंत्रज्ञानाला नावं ठेवली, घाईला नावं ठेवली. ते बरोबरच होतं. मला त्यात आणखी एक गोष्ट दिसली. जी संस्था जन्मापासून परीक्षा घेण्यासाठीच उभी राहिली, तिला परीक्षा घेणंही झेपेनासं झालं. चार पदवीधरांसाठी शिवलेला अंगरखा लाखो मुलांच्या अंगावर चढवला तर तो उसवणारच. एका शहरातल्या सगळ्या मुलांच्या विचारांचं मूल्य एका इमारतीतून ठरवायचं, ही कल्पनाच ताणून ताणून तुटली होती. पडदा नवीन होता, पण तुटलेली दोरी जुनी होती.

आता एक गमतीची गोष्ट सांगतो. आपल्या उपनगरांत स्टेशनाबाहेर पडलं की क्लासेसच्या पाट्या दिसतात. पालक हजारो रुपये देतात. कशासाठी? 'नोट्स मिळतात' असं म्हणतात, पण नोट्स मोबाइलवर फुकट मिळतात. नीट विचारलं तर पालक सांगतात, 'सर, तिथे दर रविवारी टेस्ट होते आणि पुढच्या आठवड्यात पेपर तपासून हातात देतात. काय चुकलं ते समजावतात.' म्हणजे क्लासवाला विकतोय काय? जी गोष्ट शाळा-कॉलेजने द्यायची थांबवली ती. तपासलेला पेपर, एका माणसाने वाचलेला, परत आलेला. ज्याला परवडतं त्याला मिळतं. बाकीच्यांना फक्त मार्कशीट. फुले-आंबेडकरांच्या काळात परीक्षेने जी विषमता थोडी तरी कमी केली होती ती दुसऱ्या दाराने अशी परत आत येते.

म्हणून मूल्यमापन का महत्त्वाचं, याचं माझं उत्तर असं आहे. विद्यार्थ्याला त्यातून स्वतःचा विचार बाहेरून बघायला मिळतो. डोक्यात असताना प्रत्येक विचार पुरा वाटतो. कागदावर उतरवला आणि दुसऱ्याने 'इथे कसं काय?' असं विचारलं की त्याची भोकं दिसतात. आणि शिक्षकाला त्यातून कळतं की आपण जे बोललो ते तिथे पोचलं का. वर्गात मुलं माना डोलवतात, त्यावर जाऊ नका. पन्नास पेपरांत तीच एक चूक दिसली तर ती मुलांची चूक नाही, तो आपल्या शिकवण्यातला खड्डा आहे. केंद्रात दुसऱ्याच कॉलेजचे गठ्ठे तपासणाऱ्या शिक्षकाला हा खड्डा कधीच दिसत नाही. त्याला दुसऱ्याच्या रस्त्यावरचे खड्डे दिसतात, आणि ते सांगायला त्या रस्त्याचा मालक समोर नसतो.

मग करायचं काय? मोठ्या सुधारणांची यादी १९०२ पासून तयार आहे, तीत मी भर घालत नाही. निवडीसाठीची परीक्षा अनामिकच राहू द्या, तिला हात लावू नका. पण वर्षातून दोनदा, प्रत्येक विषयात, एक छोटा लेखी पेपर असा असावा ज्याचे गुण कुठेच धरले जाणार नाहीत. शिक्षकाने तो वाचावा, दोन ओळी लिहाव्यात आणि आठवड्याच्या आत परत द्यावा. गुण नाहीत म्हणजे खिरापत नाही, वशिला नाही, तक्रार नाही. यासाठी ना अध्यादेश लागतो ना सॉफ्टवेअर. साठ मुलांच्या वर्गात दोन ओळी लिहायला साधारण तीन संध्याकाळी जातात, हे मी करून बघितलं आहे. मुलं सुरुवातीला विचारतात, 'सर, मार्क नाहीत तर का लिहायचं?' दुसऱ्या खेपेला काहीजण विचारतात, 'सर, तुम्ही इथे प्रश्नचिन्ह का काढलंय?' त्या दुसऱ्या प्रश्नापाशी शिकणं सुरू होतं, आणि खरं सांगायचं तर शिकवणंही.

इथे बसलेल्या पालकांना एकच विनंती. निकालाच्या दिवशी मुलाला 'किती मिळाले?' हे तुम्ही विचारणारच, मीही विचारलं होतं. त्याच्यानंतर आणखी एक प्रश्न विचारा: 'तुझा पेपर कुणी वाचून तुला परत दिला का?' उत्तर 'नाही' आलं तर शाळेत, कॉलेजात जाऊन तो मागा. पुरावा म्हणून नको, अभ्यासाचं पुस्तक म्हणून मागा. पुरेशा पालकांनी मागितला तर तो मिळेल.

आता तुमचे प्रश्न घेऊ.